पट्ट्यावरचा हात

दरवर्षी डिसेंबर सरत आला, की दीनानाथ वैराळे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला उभे राहत आणि दुसऱ्या टोकाला जयवंतीबाई मेथी निवडत बसत. मग दीनानाथ टोपीला हात लावत, छातीवर थाप मारत, कोपर चोळत, कान पुसत, गुडघा झटकत, पुन्हा टोपी. हे सगळं इतक्या झपाट्याने, की बघणाऱ्याला वाटावं माणसाच्या अंगावर मुंग्या चढल्या आहेत. हात थांबले की ते विचारत, "काय म्हणालो?"

जयवंतीबाई हातातली जुडी खाली ठेवत. "कोपरानंतर छाती. चेंडूला दांडू नुसता टेकव म्हणालात."

"कळली तुला?"

"कळली."

"मग बदलायला हवी."

सिंगापूरला मरीन परेडच्या त्या फ्लॅटमध्ये हा कार्यक्रम वीसेक वर्षं चालला होता. दीनानाथ एका शाळेच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवत. सॉफ्टबॉल ही बेसबॉलचीच धाकटी बहीण. या खेळात कोच मैदानाच्या कडेला तिसऱ्या बेसपाशी, म्हणजे धावणाऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यापाशी, उभा राहतो आणि तोंडाने काही बोलत नाही. अंगावरून हात फिरवून खुणा करतो. त्यातल्या बहुतेक खुणा फसव्या असतात. एका जागेला 'चावी' ठरवलेली असते. चावीला हात लागला, की त्यानंतरची पहिली खूण तेवढी खरी. ही चावी समोरच्या संघाला कळता कामा नये, म्हणून दीनानाथ ती दरवर्षी बदलत आणि नवी चावी आधी बायकोवर आजमावून पाहत. जिला कधी दांडू हातात धरता आला नाही, तिलाही जी चटकन उमगते ती चावी कच्ची, असं त्यांचं गणित. जयवंतीबाई मात्र हळूहळू अशा तयार झाल्या, की दीनानाथना दरवर्षी जास्तच डोकं लढवावं लागे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भाषणं लांबली, की सभागृहाच्या त्या टोकाहून ते भुवई खाजवत, खांदा झटकत, आणि जयवंतीबाई निमूटपणे पर्स उचलत. शेजारच्या बायका विचारत, तुम्हाला कसं कळतं हो यांच्या मनातलं? त्या नुसत्या हसत.

त्यांनी दीनानाथना पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीला, कॉलेजच्या मैदानावर. त्या काळी बेसबॉल म्हणजे काय, हे गावात कुणाला धड सांगता येत नव्हतं. असनारे सर नावाचे एक शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक कुठूनसे चार हातमोजे नि दोन दांडू पैदा करून आले आणि त्यांनी पोरांना या खेळाचं वेड लावलं. दीनानाथ त्यांचा सगळ्यात वेगवान गडी. विद्यापीठांच्या सामन्यांत त्याचं नाव झालं होतं, आणि अंतिम सामना त्या वर्षी आपल्याच मैदानावर म्हणून अर्धं कॉलेज लोटलं होतं. दोन वर्षं मागच्या वर्गातली जयवंती त्या गर्दीत मैत्रिणींबरोबर बसली होती. शेवटच्या डावात दीनानाथ तिसऱ्या बेसवर पोचला. समोर होम, म्हणजे शेवटचा टप्पा, तिथवर पोचला तर बरोबरी. चेंडू लांब गेला, सगळं मैदान 'पळ, पळ' ओरडलं, आणि तो जागचा हलला नाही. सामना हातचा गेला. लोकांनी त्याची इतकी हुर्यो उडवली, की काही विचारू नका. "वैराळ्या, पायात खिळे ठोकले का बे!" असं कुणीतरी झाडावरून ओरडलेलं जयवंतीबाईंना अजून ऐकू येई. तेवढ्यात असनारे सर मैदानाच्या मधोमध गेले. गर्दी गप्प होईस्तोवर उभे राहिले आणि म्हणाले, "मी थांबवला त्याला. अंदाज माझा चुकला. पोरानं खूण पाळली, तो बरोबर आहे."

एवढंच बोलून ते सामान आवरायला लागले.

पुढे दोन वर्षं दीनानाथ विद्यापीठाचा कप्तान होता. पण बेसबॉलवर पोट भरणारं कोण होतं? तो मरीन इंजिनिअर झाला, बोटीवर गेला. रीतसर स्थळ म्हणून त्याचा फोटो आला, तेव्हा जयवंतीने आईला सांगितलं, हा मुलगा मी पाहिला आहे. कुठे, ते मात्र सांगितलं नाही. मग सिंगापूर, बंदरातली नोकरी, मुलगा राजस, त्याची शाळा. एका रविवारी राजसला मैदानावर घेऊन गेलेले दीनानाथ संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. शेजारच्या मैदानात काही मुली सॉफ्टबॉल खेळत होत्या आणि त्यांना चेंडू कसा फेकायचा हे दाखवणारं कुणी नव्हतं. तिथून सुरुवात झाली. आधी फुकट, नोकरी सांभाळून. मग निवृत्तीनंतर पूर्ण वेळ. मुलींनी 'दीनानाथ'चं 'कोच डीन' करून टाकलं. शाळेच्या काचेच्या कपाटात चषक मावेनासे झाले. त्यांच्या हाताखालच्या मुली देशाकडून खेळल्या. त्यांतलीच हुई मिन आता त्याच शाळेत शिक्षिका होती आणि पहिल्या बेसपाशी उभी राहून त्यांना मदत करत होती.

नव्या मुली आल्या, की पहिल्या दिवशी दीनानाथ त्यांना एकच गोष्ट सांगत. खूण पाळलीत तर तुम्ही बरोबर. हरलो तरी बरोबर. खूण चुकली तर ती देणाऱ्याची चूक.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत, जणू चिमटीत अदृश्य गोळी वळत असावेत. डॉक्टरांनी तपासण्या करून पार्किन्सन्सचं नाव घेतलं. गोळ्या दिल्या, हिंडा-फिरा म्हणाले. घरी येताना बसमध्ये दीनानाथनी गोळ्यांची पिशवी जयवंतीबाईंच्या पर्समध्ये सरकवली. मग म्हणाले, हा सीझन होऊ दे. तोवर कुणाला सांगू नको, राजसलाही नको.

जयवंतीबाईंनी ते पाळलं. त्या वर्षीची चावी ठरली, तीही चांगली अवघड: पट्ट्याचं बक्कल. पट्ट्याला हात, मग कान, म्हणजे होमकडे पळ. त्यांना ती ओळखायला दोन संध्याकाळी लागल्या, तेव्हा दीनानाथ खूश झाले होते.

जानेवारीत एका रविवारी दोघं खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला गेले. कप उचलताना दीनानाथांचा हात असा काही हलला, की अर्धी कोपी टेबलावर सांडली. पलीकडे शाळेतली दोन माणसं बसली होती. जयवंतीबाईंनी रुमालाने टेबल पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, अंगठा पट्ट्यात अडकवून ठेवा. दिसत नाही."

त्यांनी अडकवला. हात शांत झाला. तेव्हापासून तीच सवय लागली. एकदा ते अभिमानानं म्हणालेसुद्धा, मैदानावर माझा हात हलत नाही, बघ. जयवंतीबाईंनी मान डोलावली. चावी पट्ट्यावर आहे हे त्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी टेबलावर सांडलेली कोपी डोळ्यांपुढे होती, मैदान नव्हतं.

उपांत्य सामना शनिवारी दुपारी कल्लांगच्या मैदानावर झाला. ऊन असं, की पत्र्याच्या बाकावर हात ठेववेना. जयवंतीबाई छत्री घेऊन नेहमीच्या जागी बसल्या. त्यांच्या शेजारी प्रणिता होती, ईशाची आई. ही मंडळी पुण्याची, जवळच्याच कॉन्डो संकुलात राहणारी. ईशा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, संघातली सगळ्यात चपळ पोर. घरी दीनानाथना 'अंकल' म्हणायची नि मैदानावर 'कोच'. मराठीत विचारलं, की उत्तर इंग्रजीत, आणि शेवटी एक सिंगापुरी 'लाह' चिकटवलेला.

शेवटचा डाव आला. एका रनची पिछाडी. ईशा तिसऱ्या बेसवर पोचली होती, आणि दांडू घ्यायला संघातली सगळ्यात भरवशाची मुलगी आली. दीनानाथनी तिला खूण दिली: मार. खूण पाहून ती दांडू सरसावून उभी राहिली. बाकावरच्या मुली, पालक, सगळे आता तिच्याकडे बघत होते. फक्त दोघींची नजर दीनानाथांवर होती. ईशाची, कारण चेंडू टाकणाऱ्या पिचरने हात उचलेपर्यंत कोचवरची नजर काढायची नाही हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. आणि जयवंतीबाईंची, कारण या वर्षी त्यांना सामना दिसतच नव्हता, तो हात तेवढा दिसत होता.

हात थरथरला. दीनानाथनी अंगठा पट्ट्यात अडकवला. घाम कानामागून मानेवर उतरत होता, तो त्यांनी मनगटाने पुसला आणि हात पुन्हा पट्ट्यावर नेला.

जयवंतीबाईंच्या तोंडून 'नको' निघालं, पण ते छत्रीखालीच राहिलं.

चेंडू पिचरच्या हातून सुटला आणि ईशा धावली. बाण सुटावा तशी धावली. दांडू फिरवायला निघालेली मुलगी तिला बघून गांगरली, बाजूला झाली. चेंडू सरळ होममागे बसलेल्या कॅचरच्या मोज्यात गेला. ईशा घसरत आली ती त्या मोज्यावरच. आउट. पुढच्याच चेंडूवर दांडू घेतलेली मुलगीही बाद झाली, आणि सामना संपला.

बाकापाशी मुली गोळा झाल्या. जयवंतीबाई आणि प्रणिता खाली उतरल्या, तोवर एकीने ईशाला विचारलं होतं, तुला कुणी पळायला सांगितलं? ईशा रडत नव्हती. ती म्हणाली, "कोच गेव्ह द साइन, व्हॉट."

सगळ्यांनी दीनानाथांकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. ज्या शांतपणाने ते बोलले त्या शांतपणानेच घात केला. "मी खूण दिली नव्हती, ईशा," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी. विसरून जा."

ईशा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हातमोजा काढला आणि म्हणाली, की मग आपल्यालाच चुकीचं दिसलं असेल.

जयवंतीबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. बोलायला हवं ते त्यांना तेव्हाच माहीत होतं. त्यांनी छत्री मिटली, तिचा बंद लावला, आणि बोलल्या नाहीत.

रविवार गेला, सोमवार गेला. दीनानाथ खिडकीशी बसून लांब नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटी बघत. मधेच म्हणत, पोर गुणी आहे पण घाई करते, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याआधी तिच्याशी बोलायला हवं. जयवंतीबाई हो म्हणत. आपण एक वाक्य बोललो, की या माणसाचं मैदान सुटणार. जहाज सुटलं, नोकरी सुटली, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. पण हे सुटलं तर मागे काय उरेल, याचा विचार त्या करत, आणि दर वेळी चहाचं विचारून स्वयंपाकघरात जात.

मंगळवारी दुपारी प्रणिताचा फोन आला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काकू, ईशा गुरुवारी येणार नाही म्हणते. शेवटचा सामना आहे गं, म्हटलं, तर म्हणते, मम्मी, मला दिसतं एक नि असतं एक. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही वाटत. रस्ता ओलांडताना दोनदा सिग्नल बघते हो ती. अंकलना सांगता का तिच्याशी बोलायला?"

जयवंतीबाईंनी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यांना तो अमरावतीचा मुलगा आठवला. हजार माणसांची हुर्यो अंगावर घेत खाली मान घालून उभा असलेला. असनारे सर त्या दिवशी गप्प बसले असते, तर त्याने पुन्हा चेंडू हातात धरला असता का? आणि इथे तर त्या पोरीवर कुणी ओरडतही नव्हतं. सगळे समजूतदारपणे तिला माफ करत होते, जे तिने केलंच नव्हतं त्याबद्दल.

दीनानाथ जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यातला चहा निवला होता. जयवंतीबाईंनी दारामागच्या खुंटीवरून त्यांचा पट्टा काढला आणि आपल्या पंजाबी ड्रेसवरून कमरेला बांधला. भोकं पुरेनात, तेव्हा टोक नुसतंच आत खोवलं.

"हे काय नवीन?" दीनानाथ म्हणाले. त्यांना हसू येत होतं.

"काय म्हणते ते ओळखा."

त्या टेबलाच्या दीनानाथांच्या नेहमीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. कधी हे केलं नव्हतं, त्यामुळे हात जड झाले होते. त्यांनी टोपी असावी तसा कपाळाला हात लावला. छाती. गुडघा. मग अंगठा पट्ट्यात अडकवला, जरा थांबल्या. हात काढून मनगटाने कानामागचा घाम पुसला. हात पुन्हा पट्ट्यावर.

"पळ," दीनानाथ म्हणाले. इतक्या वर्षांच्या सवयीने, विचार न करता. "सोपी दिलीस."

"शनिवारी तुम्ही हेच केलंत."

त्यांचं हसू तोंडावरच राहिलं, जायचं विसरल्यासारखं. "मी पट्ट्याला हात लावलाच नाही."

"अंगठा अडकवलात. हात हलत होता म्हणून. मीच सांगितलं होतं ना तसं. नंतर घाम पुसलात."

खाली कुठेतरी बस थांबल्याचा आवाज आला, दारं उघडली, मिटली. दीनानाथनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. हात आपली गोळी वळत होता. त्यांनी तो झाकला नाही.

"म्हणजे पोरीनं बरोबर वाचलं," ते म्हणाले.

"बरोबर वाचलं."

"आणि मी तिला सगळ्यांसमोर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, "तू शनिवारीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर तुम्ही काय कराल ते मला माहीत होतं म्हणून."

"आणि आज?"

"आजही माहीत आहे," जयवंतीबाई म्हणाल्या, आणि पट्टा सोडू लागल्या.

दीनानाथ उठले. त्यांनी सोफ्यावरची टोपी घेतली, चपला घातल्या, आणि ईशाच्या कॉन्डोकडे चालत निघाले. जयवंतीबाई बरोबर गेल्या नाहीत. तिथे काय बोलणं झालं, ते त्यांनी कधी विचारलंही नाही. संध्याकाळी प्रणिताचा मेसेज आला, की ईशा गुरुवारी येते आहे.

पण दीनानाथना तेवढं पुरेसं वाटत नव्हतं. चूक चारचौघांत अंगावर घातली, तर ती काढायचीही चारचौघांतच. गुरुवारी सामन्याआधी त्यांनी मुलींना बाकापाशी बोलावलं आणि पालकांनाही जवळ या म्हणाले. मग उजवा हात पुढे धरला आणि हलू दिला. मुली बघत राहिल्या. एक-दोघींनी नजर खाली घातली. दीनानाथनी आजाराचं नाव सांगितलं. हात लपवायला मी तो पट्ट्यावर ठेवत होतो आणि चावी पट्ट्यावर होती, हेही सांगितलं. ते इंग्रजीत बोलत होते, पण जयवंतीबाईंना वाक्यावाक्यामागे अमरावतीचं मैदान ऐकू येत होतं.

"ती खूण माझीच होती," ते म्हणाले. "ईशाने पाळली. ती बरोबर आहे."

हुई मिन टोपी सारखी करायच्या निमित्ताने डोळे पुसत राहिली. ईशा मात्र पुढे आली. दीनानाथांच्या हाताकडे न बघता तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "सो आय सॉ करेक्टली, राइट?"

घरी तिला ते त्यांनी सांगितलं होतंच. तरी तिला इथे, सगळ्यांसमोर, पुन्हा हवं होतं.

"करेक्टली," दीनानाथ म्हणाले.

मग त्यांनी हुई मिनला तिसऱ्या बेसपाशी पाठवलं आणि स्वतः बाकावर मुलींच्या शेजारी जाऊन बसले. त्या जागेवर त्यांना बसलेलं जयवंतीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. उंच माणूस, त्या बुटक्या बाकावर गुडघे वर आलेले. मुली जिंकल्या. ईशा दोनदा होमवर पोचली. दीनानाथ प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायला हात उचलत आणि हात त्यांच्या आधीच हलायला लागलेला असे. तिसऱ्या क्रमांकाचं पदक घेताना ईशाने ते गळ्यात घातलं नाही. मुठीत धरून ती बाकाकडे आली. दीनानाथनी ते तिच्या हातून घेऊन तिच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. फीत काही केल्या डोक्यावरून जाईना, तेव्हा ईशाने मान खाली वाकवली आणि ती जाईपर्यंत तशीच उभी राहिली.

घरी परतताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. जयवंतीबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तो हलत राहिला. त्यांनी दाबून धरला नाही.

दीनानाथनी कोचपद सोडलं. शाळेने त्यांना निरोप दिला, शाल नव्हती पण फुलं होती, जुन्या मुली लेकरं घेऊन आल्या होत्या. त्यानंतरचे महिने वाईट गेले. दीनानाथ पहाटे उठून बसत आणि कुठे जायचं नाही हे आठवलं, की परत आडवे होत. मैदानाचं नाव घरात निघत नसे. जयवंतीबाईंना कधी कधी वाटे, आपण बोललो नसतो तर. मग ती दोनदा सिग्नल बघणारी पोर आठवे, आणि त्या कामाला लागत.

डिसेंबरमध्ये हुई मिनने फोन करून विचारलं, येऊ का. तिला नवी चावी ठरवायची होती, आणि ती आधी कुठे आजमावली जाते ते तिला ठाऊक होतं. ती टेबलाच्या त्या टोकाला उभी राहिली. जयवंतीबाई या टोकाला मेथी घेऊन बसल्या. दीनानाथ सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर त्यांच्या हातात सळसळत होता.

हुई मिनने हात फिरवले. टोपी, खांदा, कोपर, छाती, गुडघा. दर फेरीला क्रम निराळा. जयवंतीबाईंनी तीनदा बघितलं आणि मान हलवली. नाही कळत. हुई मिनला हायसं वाटलं. तिने शेवटचं म्हणून आणखी एकदा केलं.

पेपरची सळसळ थांबली होती.

"खांद्यानंतर गुडघा," सोफ्यावरून आवाज आला. "थांब म्हणालीस."

हुई मिन बघतच राहिली. दीनानाथनी चष्मा काढून बाजूला ठेवला, उठून हळूहळू टेबलाशी आले आणि जयवंतीबाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. उजवा हात त्यांनी मेथीच्या काड्यांशेजारी टेबलावर ठेवला.

"मला कळली," ते म्हणाले. "कळायला नको होती. बदल आणि पुन्हा कर."